आठवड्याला १२० मिनिटं: सांगलीतल्या फिरण्याची नोंद, आठवडा ११

मंडळी, या आठवड्याची बेरीज १४५ मिनिटं. सलग सहावा आठवडा १२० च्या वर गेला, लई बरं वाटतंय.

नवीन आलेल्यांसाठी सांगतो, हा १२० चा आकडा कुठून आला. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांचा एक अभ्यास आला होता. आठवड्यात निदान १२० मिनिटं बागेत, रानात, नदीकाठी घालवणाऱ्यांमध्ये तब्येत आणि मन चांगलं आहे असं सांगणारे जास्त निघाले, आणि ही १२० मिनिटं एका दमात की तुकड्यातुकड्यानं यानं फरक पडत नव्हता. आता हा लोकांना विचारून केलेला अभ्यास, फिरल्यामुळंच तब्येत सुधारली असं त्यावरून ठाम म्हणता येत नाही, पण ते तुकड्यांचं मला एकदम पटलं कारण दुकान सांभाळून माझ्याकडं तुकडेच असतात.

पहिले चार आठवडे मात्र मी रविवारवरच अवलंबून होतो. या रविवारी दंडोबाचा डोंगर, पुढच्या रविवारी सागरेश्वर असं ठरवायचो, मग कुणाचं तरी लग्न निघायचं नाहीतर पाहुणे यायचे आणि वहीत शून्य. सागरेश्वर मला जीव की प्राण आहे, उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य, धों. म. मोहिते यांची त्यामागं किती वर्षांची मेहनत आहे ते आपल्याकडं सगळ्यांना माहितीय. पण ते महिन्यातनं एकदा. पाचव्या आठवड्यापासून ठरवलं की रोजचं फिरणं घराजवळच, सकाळी आमराई बागेत २० मिनिटं आणि जमलं तर दुकान बंद करून कृष्णेचा घाट.

रोज त्याच जागी गेल्यावर काय होतं ते सांगतो. पहिले काही दिवस आमराईत नुसती "झाडं" दिसायची. मग तांबटाचा आवाज वेगळा कळायला लागला, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा टुक टुक टुक, आणि पक्षी एवढासा असतो की आवाज कुठनं येतोय ते शोधण्यातच दहा मिनिटं जातात. कोतवाल एका ठरलेल्या फांदीवरच बसतो. घाटावर खंड्या जवळजवळ त्याच वेळेला येतो. हे एका फेरीत कधीच कळलं नसतं.

आणि आता या आठवड्याची मोठी नोंद. राखी धनेशाचं घरटं! शहरातल्याच एका जुन्या झाडाच्या ढोलीत. झाड कुठलं ते लिहीत नाही आणि फोटोही टाकणार नाही, घरट्याची जागा उघड करायची नाही हे आपल्यात ठरलेलंच आहे. मादी आत बसून आपल्याच विष्ठेनं ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक बारीक फट ठेवते, आणि नर बाहेरनं त्या फटीतनं भरवत राहतो. मी लांबून उभा राहून बघत होतो तर फिरायला आलेले एक आजोबा थांबले, "काय बघायलायसा वर?" दाखवल्यावर ते पण पंधरा मिनिटं हलले नाहीत. म्हणाले, "तीस वर्सं या झाडाखालनं जातोय, आज बघितलं."

ही ढोली रोपाला नसते हो. धनेशाची मादी आत मावेल एवढी पोकळी तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं, त्यामुळं वाळकी फांदी, पोकळ खोड दिसलं की "धोकादायक" म्हणून लगेच कुऱ्हाड लावण्याआधी वर एकदा नीट बघा असं मी आता भेटेल त्याला सांगतोय. खरंच पडणार असेल तर गोष्ट वेगळी. नवीन रोपं लावाच, पण एका जुन्या वडाची भरपाई दहा रोपांनी होत नाही, निदान आपल्या हयातीत तरी नाही.

आईचं पण लिहायचं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती मिरजेत ॲडमिट होती तेव्हा खिडकीबाहेर पर्जन्यवृक्ष होता, दिवसभर त्याच्याकडंच तोंड करून पडलेली असायची. १९८४ चा अमेरिकेतला एक प्रसिद्ध अभ्यास आहे, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतनं झाडं दिसायची आणि निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले साधारण पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधं पण कमी कडक लागली. हे वाचलं तेव्हा मला ती खिडकी आठवली. आता आई माझ्याबरोबर आमराईत येते, एक फेरी मारते, बाकावर बसते, आणि "आज तांबट बोलला नाही" हे माझ्याआधी तिच्याच लक्षात येतं.

पुढच्या आठवड्यात हरिपूर रोड करायचाय, चिंचांच्या सावलीतनं चालत कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत, सकाळी सहाला निघून. कुणी येणार असेल तर सांगा. धनेशाचं रोज लांबूनच बघतोय, काल २० मिनिटांत नर तीनदा आला, गळ्यातनं एकेक फळ काढून फटीत देत होता, शेवटच्या खेपेला सात मोजली.