पोटाचा व्यायाम करताना मान दुखायलीय? मग डोकं खालीच राहू द्या की

पोट कमी करायचं म्हणून घरी क्रंचेस (उताणं झोपून डोकं-खांदे वर उचलायचा व्यायाम) सुरू केले आणि चार दिवसात मान धरली, असं सांगणाऱ्या बायका आमच्या जुळे सोलापुरात मला सारख्या भेटतात. मग पुढचं वाक्य ठरलेलंच, "मला जमत नाही ओ, माझी मानच नाजूक आहे." मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेकींची मान नाजूक वगैरे काही नसते, तिच्यावर नको ते काम पडलेलं असतं एवढंच. आणि पोटाचा व्यायाम डोकं जमिनीवरून न उचलताही मस्त होतो हे कुणी सांगतच नाही.

पोटाचा समोरचा मोठा स्नायू खालच्या बरगड्यांपासून निघून ओटीपोटाच्या हाडाला जोडलेला असतो, संपला विषय, मानेपर्यंत तो येतच नाही. त्याचं काम छाती आणि कंबरेचं हाड एकमेकांजवळ आणायचं किंवा कंबर हलू न देता धरून ठेवायची. आता आपण डोकं वर उचललं की साधारण साडेचार ते ५ किलोचं वजन हवेत येतं आणि ते धरायला गळ्यासमोरचे बारीक स्नायू लागतात, ते पोटाच्या आधी थकतात, ते थकले की हात मदतीला येतात आणि तिथंच घोळ होतो.

आमच्या जाऊबाईंना मी एकदा बाजूला बसून नीट बघितलं. बोटं डोक्यामागं घट्ट गुंफलेली, वर येताना दोन्ही कोपरं कानापाशी मिटायली, हनुवटी छातीला टेकलेली, गळ्याच्या दोन्ही शिरा ताठ, आणि खांद्याचे फरे? ते अजून जमिनीलाच चिकटलेले! म्हणजे वर काय आलं तर नुसतं डोकं, तेही हातांनी ओढून. पोटाला हात लावला तर मऊ. त्यांना म्हटलं वहिनी, आधी डोकं खाली ठेवा, पोटाकडं बघू.

सुरुवात टाचा सरकवण्यापासून करा. आपल्याकडं शहाबादी फरशी असतेच बऱ्याच घरात, त्यावर चादर अंथरायची (आपली सोलापुरी चादर जाड असते, दुहेरी घडी घातली की वेगळी मॅट घ्यायची गरज नाही), पाय फरशीवर येतील असं उताणं झोपायचं, पायात मोजे, गुडघे वाकवलेले. कंबरेखालची पोकळी हळूच कमी करायची, श्वास सोडत एक टाच सरळ पुढं सरकवायची, श्वास घेत मागं आणायची. पाय लांब जाताना कंबर कमानीसारखी वर उचलायला लागली तर तिथंच थांबायचं, तुमची हद्द तेवढी आज. दिसायला अगदीच किरकोळ वाटतं पण सावकाश दहा-दहा वेळा केलं की ओटीपोट आतून धरल्यासारखं होतं, आणि मान पूर्ण मोकळी.

ते सोपं झालं की डेड बग. दोन्ही हात छताकडं, दोन्ही पाय गुडघ्यात काटकोनात वर, मग उजवा हात डोक्याकडं आणि डावा पाय पुढं, एकाच वेळी, सावकाश, कंबर फरशीला चिकटलेली. परत आणून दुसरी बाजू. मला विचाराल तर घरी करायला याच्यापेक्षा चांगला पोटाचा व्यायाम नाही, मी क्रंचेसच्या आधी कायम हाच सांगते. फक्त श्वास कोंडून धरू नका, ताकद लावताना सोडायचा.

प्लँकमध्ये, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ धरतो त्यात, डोकं खाली टेकलेलं नसतं, तिथं मान दुखायचं कारण वेगळं. किती सेकंद झाले ते बघायला समोर ठेवलेल्या मोबाईलकडं किंवा टीव्हीकडं तोंड वर करून बघत बसायचं, मग मान मागं मोडते. मोबाईल समोर नको, तोंडाखाली फरशीवर ठेवा, नजर हातांच्या दोन्ही अंगठ्यांच्या मधे. ज्यांना जमिनीवर झेपत नाही, सासूबाई वगैरे, त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन्ही हात टेकून पाय मागं न्यायचे आणि अंग फळीसारखं सरळ धरायचं, पोटाला तेवढंही लागतं.

आता कुणाला डोकं उचलून करायचंच असेल तर दोन चांगल्या रीती आहेत. एक टॉवेलची, आणि टॉवेल आपल्या गावात कमी पडायचा प्रश्नच नाही. मोठा टॉवेल लांबीनं पाठीखाली डोक्यापर्यंत पसरायचा, डोक्याकडची दोन टोकं दोन हातात धरायची आणि वर येताना डोकं त्या टॉवेलच्या झोळीत निवांत सोडून द्यायचं. वजन हातावर येतं पण मान ओढली जात नाही. दुसरी रीत कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या कण्यावर वर्षानुवर्षं काम केलेल्या प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांची. एक गुडघा वाकवलेला, एक पाय सरळ, दोन्ही तळहात कंबरेच्या पोकळीखाली, आणि डोकं, मान, खांदे मिळून एकच तुकडा असल्यासारखं जमिनीपासून जरासं उचलायचं, फार तर १० सेकंद धरायचं आणि खाली. उंच यायचंच नाही. हनुवटी आणि छातीच्या मधे एक मूठ बसेल एवढी जागा ठेवायची आणि जीभ टाळूला लावायची, गळ्यावरचा ताण जाणवण्याइतका कमी होतो, करून बघा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. आपल्या सोलापुरात कितीतरी बायका दिवसभर मान खाली घालूनच काम करतात, विड्या वळतात, शिलाई करतात, सुपात आणि मशीनवर नजर लावून तासन् तास. संध्याकाळी त्यांची मान आधीच थकलेली असते, त्यात मोबाईलवर बघून शंभर क्रंचेस करायला गेल्या तर दुखणारच ओ. त्यांनी आधी दोन मिनिटं नुसतं उताणं पडून हलकंसं "हो" म्हटल्यासारखी हनुवटी आत घ्यायची, ४-५ सेकंद धरायची, सोडायची. डोकं मागं पडत असेल तर खाली पातळ टॉवेलची घडी चालेल, उशी नको. आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा हे सगळं पहाटे गच्चीवरच करा, दुपारी नको.

पोटावरची चरबी नुसत्या या व्यायामानं वितळत नाही, त्याला चालणं आणि ताटातलं बघणं लागतंच, शेंगाचटणी खा पण वर तेल किती ओततोय ते बघा. व्यायामानं कंबर धरून राहते, पाठ दुखायची कमी होते, ते काय थोडं आहे का.

व्यायाम करताना हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, कळ खांद्यातून खाली हातात उतरली किंवा चक्कर आली तर त्या दिवशी बंद आणि डॉक्टरकडं. बाळंतपणानंतर वर येताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसत असेल तर क्रंचेस अजिबात करू नका, फिजिओथेरपिस्टला एकदा पोट दाखवा, सिझर झालेल्यांनी आणि हर्निया असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका. मानेचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून टाचा सरकवणं आणि ओट्यावरचा प्लँक एवढंच करा, डोकं उचलायचे प्रकार सोडूनच द्या, त्यावाचून पोटाचं काही अडत नाही.