अ‍ॅलनबी पुलावरची चौकशी

जॉर्डन-इस्रायल-इजिप्त टूरवर निघण्याआधी प्रवासी हमखास विचारतात, “इस्रायलचा शिक्का बसेल का हो?” सहसा बसत नाही. 2013 पासून इस्रायल पर्यटकांना फोटो आणि पासपोर्ट नंबर असलेली छोटी निळी चिठ्ठी देतं. ती परत निघेपर्यंत जपायची. अडचण होते ती शेजारच्या देशाच्या शिक्क्याने. जॉर्डनचा शेख हुसेन किंवा वादी अरबा नाका, इजिप्तचा ताबा नाका, यांपैकी कुठलाही शिक्का दिसला की पलीकडे इस्रायलच आहे हे इस्रायलला न मानणाऱ्या देशाच्या इमिग्रेशनवाल्याला लगेच कळतं.

कोविडच्या आधीच्या एका टूरवर आई-वडिलांबरोबर आलेल्या तरुण इंजिनिअरला पुढे कंपनीच्या कामासाठी बैरूतला जायचं होतं. इस्रायलवारीचा पुरावा सापडला तर लेबनॉन प्रवेश नाकारतं. म्हणून त्याचा मार्ग निघण्यापूर्वीच ठरवला. जॉर्डनचा व्हिसा अम्मान विमानतळावर घ्यायचा, कारण जॉर्डनमधून इस्रायलकडे जाणाऱ्या किंग हुसेन पुलावर तो मिळत नाही. इस्रायलचा व्हिसा ग्रुपपासून वेगळा, सुट्या कागदावर. जाताना ग्रुपबरोबर त्याच पुलावरून, परत येतानाही तिथूनच. ग्रुप ताबामार्गे इजिप्तला जाणार होता. त्याने इजिप्त सोडलं. तेल अवीवहून विमानाने अम्मानला आला असता तर पासपोर्टवर दोन एंट्री दिसल्या असत्या आणि मधली एक्झिट (पुलावर ती सुट्या कागदावर असते) गायब! पुलावरून परतलं की मुदत असेपर्यंत आधीचाच जॉर्डन व्हिसा चालतो.

या पुलाला इस्रायली लोक अ‍ॅलनबी म्हणतात. इथे जॉर्डनवाले शिक्का सुट्या कागदावर देतात, तरी पासपोर्ट खिडकीत सरकवण्याआधी “कागदावर” असं स्पष्ट सांगावं. पासपोर्ट ते ठेवून घेतात आणि बसमध्ये परत देतात. तेव्हा बोलून उपयोग नसतो.

पलीकडे इस्रायली अधिकाऱ्यांनी त्या इंजिनिअर मुलाला बाजूला घेतलं. बैरूतचं काम त्याने स्वतःहून सांगितलं, कंपनीचं पत्र आणि परतीचं तिकीट दाखवलं. ते ठीक चाललं होतं. घोळ झाला आईंच्या बाबतीत. “कोणी काही दिलंय?” नाही. “इथे ओळखीचं कोणी?” नाही. मग बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दोऱ्याने बांधलेलं गोड्या मसाल्याचं पुडकं निघालं. त्यांच्या जुन्या शेजारीण, अलिबागकडच्या बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू), आता इस्रायलमधल्या लोदला राहतात. त्यांच्या बहिणीने ते पनवेलहून पाठवलं होतं. मसाल्याला कोणाचीच हरकत नव्हती. दोन्ही उत्तरं खोटी ठरली, म्हणून तिघांचे जबाब वेगवेगळे घेतले, बॅगा पुन्हा रिकाम्या केल्या आणि अख्खा ग्रुप बसमध्ये ताटकळला.

अशा वेळी टूर मॅनेजरने मध्ये पडून उत्तरं द्यायची नसतात, त्याने संशय वाढतो. मी आईंना एवढंच म्हटलं, “काकू, शेजारणीचं नाव आणि फोन नंबर द्या, सगळं जसं आहे तसं सांगा.” त्यांनी सांगितलं. अधिकाऱ्यांनी लोदला फोन लावला, माहिती जुळली, सोडलं.

इस्रायली सुरक्षावाले पासपोर्टच्या मागे बारकोडचं स्टिकर लावतात, ते राहिलं तर सगळी खबरदारी वाया जाते. त्याच संध्याकाळी हॉटेलवर कोपऱ्यापासून हळूहळू सोडवावं, गोंद मुरला की कव्हरचा रंग निघतो. नको असलेला शिक्का असलेलं पान मात्र कोणी फाडू नये. पासपोर्टमध्ये फेरफार करणं 1967 च्या पासपोर्ट कायद्याने गुन्हा आहे, आणि पानांवर क्रमांक असल्याने गहाळ पान लगेच लक्षात येतं.