तेरा-तेरा, आणि एक चिठ्ठी संपलेली

मागच्या अपडेटमध्ये मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की वर्षातला सर्वोत्कृष्ट मराठी सिनेमा निवडायच्या आपल्या घरगुती मतदानाची यंदा मोजणी शनिवारी रात्री आणि निकाल रविवारी सकाळी तर्री पोह्यांवर. रविवार गेला, पोहे संपले, तर्रीचा डाग टेबलक्लॉथवरून अजून निघाला नाही आणि निकालही नाही. विजेत्याला द्यायचा पितळी संत्रा माझ्याच टीव्हीशेजारी धूळ खात बसलाय.

आधी चांगलं सांगतो. २७ चिठ्ठ्या आल्या, गेल्या वर्षी १९ होत्या. कुणाच्याही मागे 'दिली का, दिली का' करत फिरावं लागलं नाही. ऑनलाइन फॉर्म बंद केला त्याचा हा गुण, असं माझं ठाम मत. मोबाइलवर त्या फॉर्मचा पाचवा रकाना पडद्याबाहेर जायचा आणि बोटाने सरकवल्याशिवाय दिसायचा नाही. काकांनी गेल्या वर्षी एक सिनेमा कोराच ठेवला आणि वर मलाच, "मले दिसलाच नाही तं म्या कायले भरू?" यंदा गोकुळपेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडून अर्ध्या पानाच्या गुलाबी चिठ्ठ्या छापून घेतल्या. काका निवृत्त मास्तर, पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत त्यांनी ड्यूटी केलेली. त्यामुळे तिथल्यासारखे जांभळ्या स्केचपेननेच पसंतीचे १ ते ५ आकडे लिहायचे असा त्यांचा हट्ट. पाच पेनं आणली, तीन परत आली.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे डबे. एक्सेलचं माझं सूत्र गेल्या वर्षी दुसऱ्या फेरीलाच गडबडलं होतं, ते मी यंदा उघडलंही नाही. पाच स्टीलचे डबे, प्रत्येकावर एका सिनेमाचं नाव. ज्याच्या डब्यात सगळ्यात कमी कागद तो सिनेमा बाद, मग त्याचा डबा उलटा करायचा आणि त्यातले कागद ज्याच्या त्याच्या पुढच्या पसंतीच्या डब्यात टाकायचे. मत इकडून तिकडे जाताना डोळ्यांनी दिसतं. नव्या लोकांना पसंतीक्रम समजावून सांगायला यापेक्षा सोपं काही मला सापडलेलं नाही.

आता घोळ.

पाच नामांकनं तुम्हाला माहीतच आहेत (वर्ष प्रदर्शनाचं धरायचं, महोत्सवाचं नाही, हा वाद डिसेंबरात संपला. त्यामुळे टोरांटो महोत्सवात २०२३ मध्येच नेटपॅक पुरस्कार मिळवून आलेला 'स्थळ' ७ मार्च २०२५ च्या प्रदर्शनावर आपल्याकडे बसतो). पहिली पसंती अशी पडली: 'दशावतार' ९, 'स्थळ' ७, 'आता थांबायचं नाय' ५, 'सबर बोंडं' ४, 'जारण' २. जिंकायला निम्म्याहून जास्त, म्हणजे १४ हवीत.

'जारण' बाद. एक चिठ्ठी 'दशावतार'ला, एक 'आता थांबायचं नाय'ला. मग 'सबर बोंडं' बाद. इथे मला जरा वाईट वाटलं. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आलेला सिनेमा आपल्या डब्यात चार चिठ्ठ्यांवर थांबला. पण ज्यांच्या मनात तो पहिला होता त्यातल्या तिघांनी दुसरा 'स्थळ' लिहिला होता, हे बघायला मजा आली. दोन्ही सिनेमे आवाज न चढवता बोलतात, त्यामुळे त्यांचा प्रेक्षकही एकच असणार, हा माझा जुना अंदाज खरा ठरला. चौथी चिठ्ठी 'आता थांबायचं नाय'ला गेली. आता १०, १० आणि ७.

मग सातचा डबा उलटा केला. तीन 'दशावतार'ला. तीन 'स्थळ'ला. तेरा-तेरा. सातवी चिठ्ठी माझ्या हातात, खोलीत चिडीचूप, आणि त्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईत: १ 'आता थांबायचं नाय', २ 'जारण'. त्याखाली आडवी रेघ आणि बारीक अक्षरात, "बाकीचे पाहिले नाही. खोटं कशाला लिहू."

अक्षर आत्याचं. मतदान गुप्त, पण शाळेच्या फळ्यावरचं ते वळणदार अक्षर अर्धी धरमपेठ ओळखते.

तिची दोन्ही नावं बाद झालेली, म्हणजे चिठ्ठी संपली. उरल्या २६, आणि त्या बरोबर मधोमध चिरलेल्या. भाचा हसून हसून लोळला. काकांनी चष्मा पुसला आणि नियम सांगितला: बरोबरी झाली तर पहिल्या पसंतीची मतं बघायची. नऊ विरुद्ध सात, 'दशावतार' जिंकला, पोहे आणा. त्यावर चंद्रपूरची वहिनी उसळली. "पहिल्याच पसंतीवर द्यायचं होतं तं मग एवढे डबे कायले मांडले?" मला तिचं पटलं. (माझी पहिली पसंती 'स्थळ' होती, हे लपवत नाही. डोंगरगावातली ती सविता, बैठकीत तेच ते प्रश्न, नाव काय, उंची किती, आणि बाहेर कापसाचा भाव. आमच्याकडच्या किती घरांत ती बैठक मी पाहिली आहे, मोजता येणार नाही. पण दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर 'दशावतार'मध्ये जो बाबुली मेस्त्री उभा केलाय, त्याच्यासमोर हरायला मला लाज नाही.)

मग ऑस्करचे दाखले निघाले. १९६९ च्या सोहळ्यात कॅथरिन हेपबर्न आणि बार्ब्रा स्ट्रायसँड यांची मतं अगदी सारखी पडली आणि दोघींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्यातली गंमत अशी की स्ट्रायसँडला तिचा पहिला सिनेमा येण्याआधीच ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचं सभासदत्व, म्हणजे मताचा हक्क, मिळालं होतं. तिने स्वतःला मत दिलं असेल तर बरोबरी तिच्याच मताने झाली. १९३२ मध्ये तर सर्वोत्कृष्ट अभिनेत्यासाठी वॉलेस बीरीला फ्रेडरिक मार्चपेक्षा एक मत कमी होतं, तरी तेव्हाच्या नियमाने ती बरोबरीच धरली गेली. २०१३ मध्येही ध्वनिसंपादनात दोन सिनेमे बरोबरीत आले. भाच्याचं म्हणणं सरळ होतं, दोघांना द्या. एकाहत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत शाहरुख खान आणि विक्रांत मॅसीला विभागून दिलाच ना? पण तिथे ज्युरी बसून ठरवते, चिठ्ठ्या मोजत नाही. आणि आपल्याकडे संत्रा एकच आहे. दुसरा बनवायला टाकला तर इतवारीतला तो कारागीर होळीपर्यंत देत नाही, मागचा अनुभव आहे. गेल्या वेळी त्याने पानं उलटी लावून दिली होती.

तर शनिवारी रात्री माझ्याकडे तीन पर्याय होते: काकांचा नियम, विभागून देणं, किंवा नाणं. रविवारी सकाळी मी विभागून देण्यावर आलो होतो, हा मजकूरही त्याच बेताने लिहायला घेतला होता. आत्याच्या चिठ्ठीवरची ती ओळ वर टाइप केली आणि हात थांबला.

अकॅडमीने एप्रिल २०२५ मध्ये नियम आणला की ज्या विभागात मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित सिनेमे पाहिलेले असले पाहिजेत, नाहीतर अंतिम फेरीत त्या विभागात मत नाही. तो नियम आपण लावला तर आत्याची चिठ्ठी सुरुवातीलाच बाद. ठीक. पण बाकीच्या २६ जणांचं काय? त्यांनी पाचही आकडे भरलेत, पण पाहिलेत का पाचही? रविवारी दुपारी काकांना फोन केला. आधी टाळलं. मग म्हणाले, "स्थळ पाहिला नाही बुवा. पण चंद्रपूरकडचा हाये म्हनून दोन नंबर देल्ला." म्हणजे काकांची चिठ्ठी शेवटी जिथे गेली असेल तिथे गेली असेल, पण तिचा एक आकडा हवेतला. वहिनीने 'दशावतार' मध्यंतरापर्यंतच पाहिलाय, मूल रडत होतं म्हणून. आणखी चौघांना विचारलं, दोघांनी विषय बदलला.

म्हणजे आमच्या मोजणीत प्रामाणिक चिठ्ठी एकच होती आणि तीच आम्ही 'संपलेली' म्हणून बाजूला ठेवली.

त्यामुळे बेत बदललाय. सत्तावीसच्या सत्तावीस चिठ्ठ्या रद्द. नव्या चिठ्ठीवर प्रत्येक नावापुढे एक चौकोन, 'पाहिला'. पाचही चौकोनांत खूण असेल तरच ती चिठ्ठी मोजणीत. 'अर्धा पाहिला' असा चौकोन वहिनीने मागितलाय, मिळणार नाही. खोटी खूण करणाऱ्याला मी पकडू शकत नाही, पण जांभळं पेन हातात धरून खोटं लिहिणं जड जातं असा माझा समज आहे. मुदत १५ मार्च २०२६, त्याच रात्री तिकडे ऑस्कर, आपल्याकडे सोमवारची पहाट. यंदा ऑस्करमध्ये कास्टिंगचा नवा विभागही आहे, त्याचे अंदाज वेगळ्या वहीत, त्यावर पुढच्या वेळी. भारताचा 'होमबाउंड' ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय सिनेमाच्या विभागात पंधरात येऊन अंतिम पाचात राहिला नाही, याचं दुःख करून झालंय, परत उगाळू नका.

हे लिहिता लिहिता भाच्याचा मेसेज आला. सगळे पाचही पाहून आले आणि तरी परत तेरा-तेरा झालं तर? तेवढा विचार मी केला नव्हता. इतवारीत फोन करून ठेवतो, दुसरा संत्रा. पानं सरळ लाव म्हणून सांगतो.

आत्याला सांगितलं की आता तीन सिनेमे बघावे लागतील. तिने यादी मागितली, डायरीत लिहून घेतली, आणि विचारलं, "बसायला गादी आहे ना? मागच्या वेळी पाठ आखडली होती."