तालिकोट: फितुरी की नदीचा उतार?

शिक्षकांचा गट घेऊन विजापूरला गेलो की मी सुरुवात मुलुखमैदान तोफेपासून करतो. 1549 साली अहमदनगरात ओतलेली, वजन सुमारे 55 टन, तोंड इतकं रुंद की माणूस आत बसावा. परवाच्या गटातल्या एका सरांनी तिथेच विचारलं, "तालिकोटला हीच धडाडली ना? पण विजयनगर बुडालं ते फितुरीनं!" तालिकोट म्हणजे विजयनगर विरुद्ध दख्खनचे सुलतान ही लढाई. पुढचा सगळा दिवस सरांच्या त्या वाक्यावर गेला.

हीच तोफ तिथे होती असं म्हणतात खरं. पण एवढं धूड रातोरात कृष्णेपार नेलं, असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. ती विजापुरात आली 1632 मध्ये, परांड्याहून.

दुपारी कृष्णेकाठी गेलो. आता धरणाच्या फुगवट्यामुळे जुने उतार, म्हणजे नदी ओलांडायच्या उथळ जागा, ओळखू येत नाहीत, म्हणून नकाशाच पसरला. तालिकोटला नुसती छावणी होती, लढाई झाली ती दक्षिणेला कृष्णेजवळ, जानेवारी 1565 मध्ये. विजयनगरचा कारभार पाहणाऱ्या रामरायाच्या फौजेने उतार रोखून धरला होता. सुलतानांनी काठाकाठाने तीन दिवस कूच केलं, पलीकडची फौजही समांतर हलली. मग हे झटकन मागे वळले आणि मोकळ्या पडलेल्या उतारावरून पार झाले. माझ्या मते निम्मी लढाई तिथेच संपली.

उरलेली निम्मी तोफखान्याची. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, हुसेन निजामशहाच्या 600 तोफा तीन रांगांत होत्या: पुढे जड, मध्ये मध्यम, मागे हलक्या जंबुरका. समोर दोन हजार तिरंदाज, म्हणजे तोफा दिसायच्याच नाहीत. ते बाजूला झाले आणि बार उडाले. विजयनगरची फौज अगदी तोंडाशी भिडल्यावर तोफखान्याच्या रुमीखानाने गोळ्यांऐवजी तांब्याच्या पैशांच्या थैल्या ठासल्या. एवढ्या जवळून गोळा एका रेषेत जातो, पैसे मात्र छर्ऱ्यासारखे फाकतात. त्या गोंधळात वृद्ध रामराय पकडला गेला. त्याचं मुंडकं भाल्यावर दिसताच फौज उधळली.

"मग फितुरी?" सर हटेनात. रामरायाचे दोन मुसलमान सरदार उलटल्याचं सीझर फ्रेडरिक या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने लिहिलंय, तो 1567 मध्ये विजयनगरला आला होता. फिरिश्ता त्याबद्दल गप्प. झाली असेलही. पण सुलतान एकत्र आले ते सोयरिकीमुळे: हुसेनने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, आंदण म्हणून सोलापूर. यावर सोलापूरकर बाई खुदकन हसल्या.

परतताना वाद: जिंकलं कोण? रामरायाचा भाऊ तिरुमल पेनुकोंड्याला निघून गेला, रायचूर दुआब आदिलशाहीत आला, हुसेन त्याच वर्षी वारला. पुढे पोर्तुगीजांपुढे मात्र सुलतानांचं चाललं नाही: 1570 मध्ये अलीने गोव्याला आणि हुसेनच्या मुलाने, मुर्तजा निजामशहाने, चौलला वेढा घातला. पोर्तुगीजांनी दोन्ही परतवले.