सोडूनच द्यायचा, तर मासा पकडता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मंडळाच्या गणपतीत, वाढदिवसाच्या पार्ट्यांत, भारतातून आलेल्या नातेवाइकांसमोर हा प्रश्न मला ठरलेला असतो. पहाटे चारला उठायचं, गाडीमागे बोट जोडायची, तलावावर तासन्‌तास उभं राहायचं, बास, म्हणजे इथल्या तलावांतला एक शिकारी मासा, लागला की हातात धरून फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. हा उपद्व्याप कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. मी मालवणकडचा. आमच्याकडे खाडीवर गरवायला जाणारा माणूस घरात निस्त्याक (माशाचं कालवण) हवं म्हणून जातो. लागलेला मासा परत सोडला तर त्याला वेड लागलंय म्हणतील. मी आता राहतो त्या अमेरिकेतल्या मिशिगनमध्येही कायदा बास खायला आडवा येत नाही. हंगामात १४ इंचांच्या वरचे पाच मासे दिवसाला घरी नेता येतात. पण बांगड्या-सुरमईवर वाढलेल्या जिभेला उन्हाळ्यातला बास मचूळ लागतो. शिवाय मोठा शिकारी मासा वर्षानुवर्षं छोटे मासे खातो आणि त्याच्या अंगात पारा साठत जातो. कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा, याचं पत्रकच राज्याचं आरोग्य खातं काढतं. ही कारणं खरी आहेत, पण त्यांच्यासाठी कुणी पहाटे चारला उठत नाही.

मी जातो ते मुख्यतः ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला. मे-जूनमध्ये बास उथळ पाण्यात घरटी करतात, नर घरट्यावर पहारा देतो आणि समोर येईल त्याच्यावर धावून जातो. त्यात डोकं लागत नाही. उन्हाळा उतरायला लागला की गोष्ट बदलते. त्या वर्षीची पिल्लं सगळीकडे झालेली असतात, पाणवनस्पती माजलेल्या असतात, खायला भरपूर आणि लपायलाही भरपूर. मासे असतात, फक्त कुठे आहेत ते कळत नाही.

आमच्या ओकलंड काउंटीतला कॅस लेक घ्या. सुमारे १२८० एकरांचा तलाव, सगळ्यात खोल जागी १२० फुटांहून जास्त. ऑगस्टअखेर त्यातल्या पाण्याचे थर झालेले असतात. ताक बराच वेळ न ढवळता ठेवलं की वर निवळ आणि खाली दाट होतं ना, तसे. वर उन्हानं तापलेलं हलकं पाणी, खाली गार जड पाणी आणि मध्ये एक पट्टा, जिथे तापमान काही फुटांतच झपाट्यानं उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. वारा कितीही सुटला तरी ढवळला जातो तो फक्त वरचा थर. खालच्या पाण्याला हवा मिळत नाही, आणि तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू संपवत राहतो. म्हणून उन्हाळ्यात मासे गारव्याला खोल जातात हा समज अर्धाच खरा आहे. इथल्या बऱ्याच तलावांत फार खोल गेले तर त्यांचा श्वास कोंडेल. पाण्याखालचं चित्र दाखवणाऱ्या फिश फाइंडर यंत्राची संवेदनशीलता वाढवली की वीस-पंचवीस फुटांच्या आसपास पडद्यावर एक धूसर आडवी रेघ उमटते. तिच्या खाली गळ सोडून बसलात तर सकाळ फुकट. ऑक्टोबरात वरचं पाणी गार होऊन खाली बसायला लागलं, की वारा सगळा तलाव तळापर्यंत घुसळतो आणि ही रेघ पुसली जाते. तोवर सगळा खेळ किनारा आणि ही रेघ यांच्यामध्येच.

या पट्ट्यातही बास कुठेही नसतो. पहिला तासभर तो किनाऱ्यालगतच्या कमळपानांत शिरलेला असतो. तिथे मी रबराचा पोकळ बेडूक वापरतो. त्याचे दोन्ही हूक वर, पाठीला लागून असतात, त्यामुळे पानांत अडकत नाहीत. बेडूक पानावर टाकायचा आणि थांबायचं. मग पानावरून अलगद पाण्यात घसरवायचा आणि पुन्हा थांबायचं. लाइन थोडी सैल ठेवून रॉडचं टोक हलवलं की तो जागच्या जागी डावी-उजवीकडे तोंड फिरवतो. बराच वेळ काहीच होत नाही. मग एकदम धप्पकन आवाज येतो, पाण्याला खड्डा पडतो आणि बेडूक नाहीसा होतो. बहुतेक लोक इथेच घाई करतात. आवाजासरशी रॉड ओढतात, आणि बेडूक उलटा त्यांच्याच अंगावर उडून येतो. माशाचं वजन हाताला लागेपर्यंत थांबायचं असतं. माझ्याबरोबर येणारे शेजारचे आजोबा गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. अशा वेळी ते माझ्याकडे न बघताच पुटपुटतात, “नॉट येट.” त्यांची तेवढी धीराची वाणी मी फक्त बोटीतच ऐकली आहे. डेट्रॉइट लायन्सची (आमच्याकडची अमेरिकन फुटबॉलची टीम) मॅच चालू असताना त्यांच्याकडे जाऊन बघा.

ऊन चढलं की कमळपानं सोडायची आणि वनस्पतींची बाहेरची कड गाठायची. तिथे झाडोरा संपतो आणि तळ एकदम खाली जातो. लाइनच्या टोकाचं शिशाचं वजन तळावर, त्याच्या फूटभर वर बोटाएवढी प्लास्टिकची अळी, आणि बोट जागेवर धरायला विजेची छोटी मोटर. वारा कुठून आहे, ढग आलेत का, कालपासून पारा उतरलाय का, या सगळ्यांवरून अंदाज बांधायचा की मासा कडेच्या आत आहे, बाहेर आहे की धक्क्यांच्या सावलीत गेलाय. अंदाज चुकला तर दुसरा बांधायचा. लाइनमध्ये टक्‌टक् झालं आणि मासा लागला, की मला कळतं माझं म्हणणं तलावाला मान्य आहे. माशाकडून मला एवढंच हवं असतं. ते कळल्यावर त्याला मारून काय करू?

बासवाल्यांमध्ये मासे सोडण्याची ही पद्धत काही फार जुनी नाही. बासच्या स्पर्धा लोकप्रिय करणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ साली ‘पकडलेला मासा मारू नका’ ही मोहीम सुरू केली. मासे बोटीतल्या हवा खेळत्या टाकीत जिवंत ठेवायचे, वजन करायचं आणि सोडायचे. त्याआधी मेलेल्या माशांच्या माळा घेऊन फोटो काढले जात. जगातला विक्रमी लार्जमाउथ (मोठ्या तोंडाच्या जातीचा) बास जॉर्ज पेरी या तरुणानं २ जून १९३२ रोजी जॉर्जियात पकडला, २२ पौंड ४ औंसांचा. मंदीचे दिवस होते. तो मासा घरच्यांनी खाऊन टाकला, असं सांगतात. मला त्यात काहीच गैर वाटत नाही.

या विक्रमाची बरोबरी २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा सरोवरात केली. त्यांचा मासा किंचित जड होता, पण नवा विक्रम मानायला दोन औंसांचा फरक लागतो. आणि गंमत बघा, बिवा ज्या शिगा प्रांतात आहे तिथे पकडलेला बास परत सोडायला मनाई आहे. तिथे तो बाहेरून आणलेला मासा, स्थानिक मासे फस्त करणारा. म्हणजे मिशिगनमध्ये जे केलं की लोक पाठ थोपटतात, तेच तिथे केलं तर नियमभंग. म्हणून मासा सोडल्यावर पुण्य लागल्यासारखा चेहरा करणाऱ्यांचं मला हसू येतं. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे होत्या. “अहो, श्रावणात गळ टाकता?” म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, खात नाही, सोडून देतो.” “म्हणजे नुसताच छळ!” आता याला काय उत्तर देणार? छळ आहेच. तो कमी करणं तेवढं माझ्या हातात आहे.

आणि या दिवसांत ते जास्त जपावं लागतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, त्यात झटापटीनं मासा दमलेला. म्हणून जरा जाड लाइन लावून त्याला पटकन जवळ आणायचं, हात ओले करून धरायचं म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि मोठा असेल तर नुसत्या जबड्यावर लटकवायचं नाही, पोटाखाली दुसरा हात द्यायचा. फोटो तुमचा श्वास रोखता येतो तेवढ्या वेळात. फार खोलातून ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि त्याला खाली जाता येत नाही, म्हणून मी त्या धूसर रेघेच्या आसपास गळ सोडायचंही टाळतो. अकराच्या पुढे पाणी तापलं की आम्ही गुंडाळतो.

यायचं असेल तर लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार, इथली सुट्टी) झाल्यावर या. पाण्यावरचा मोटारबोटींचा धुडगूस थांबलेला असतो. सतरा वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, तुम्हाला लागेल. ते ऑनलाइन मिळतं. परत निघताना बोटीचं बूच काढून आतलं पाणी काढून टाकायला अर्धा तास जातो, कारण एका तलावाचे शिंपले आणि तण दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून तसा कायदाच आहे. आणि खायचाच विचार असेल तर आधी सांगा, मग बास सोडून यलो पर्चच्या मागे जाऊ. वीतभर मासा, पांढरं घट्ट मांस, हळद-तिखट लावून रव्यात तळला तर मुडदुशाच्या बराच जवळ जातो. येताना आगळ मात्र घेऊन या, माझ्याकडचं संपलंय.