मारुती कुठपर्यंत?

पावसाळ्यात नाशकात फोन उचलला की 'हॅलो'च्या आधी प्रश्न येतो, "मारुती कुठपर्यंत?" पंचवटीतली आत्या सांगते, "छातीपर्यंत गं." रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हेच आमचं गोदेचं मोजमाप. गंगापूर धरणातून किती क्युसेक सुटलं ते पेपरात वाचायचं.

परवा आत्या म्हणाली, "मारुती बुडाला म्हणजे पूर आला म्हणून समज." मागून तिचा नातू ओरडला, "अगं आजी, उलटं! पूर आला म्हणून मारुती बुडाला. आणि धरणातून पाणी सोडलं म्हणून पूर आला."

मी मेथी निवडत होते, ती राहिलीच. धरणाचं 'म्हणून' कारणाचं आहे: आधी दरवाजे उघडले, मग इथे पाणी चढलं. आत्याचं खुणेचं: मारुती दिसेना, त्यावरून कळलं. पण 'पाणी काठ सोडून वर आलं म्हणून याला पूर म्हणायचं' यात आधी-नंतर काहीच नाही. पाणी काठावर आलं आणि पूर मागून आला, असं होत नाही. याच नात्याला तत्त्वज्ञ ग्राउंडिंग म्हणतात. किट फाइन यांनी 2012 साली त्यावर मोठा निबंधच लिहिला. मी आपलं 'आधार' म्हणते.

आधार कसा लागतो, ते विधानाच्या बांधणीवरही ठरतं. 'पूर आला आणि दूध नासलं' याला दोन्ही गोष्टी लागतात. 'किंवा' म्हटलं की एक पुरते. आमच्याकडे त्या दिवशी दोन्ही झालं, म्हणजे एका 'किंवा'ला दोन दोन आधार, प्रत्येक पुरेसा. चैनच.

विधानात असतं तरी काय? 1904 साली जर्मन तर्कज्ञ फ्रेगेने इंग्रज तत्त्वज्ञ रसेलला कळवलं की आल्प्समधला माँ ब्लाँ पर्वत बर्फासकट विधानातल्या विचारात बसत नाही. रसेलने उलट लिहिलं, इतकं बर्फ असूनही तो पर्वतच विधानाचा घटक आहे. मी रसेलच्या बाजूची. आत्याच्या बोलण्यात तो दगडी मारुतीच असणार, अंगावरच्या गाळासकट. म्हणजे तिचं विधान मुळात आहे ते मारुतीच्या जिवावर, आणि खरं ठरतं ते पाण्याच्या जिवावर.

हे मी आत्याला सांगायला फोन लावला.

"कमरेपर्यंत उतरलंय," ती म्हणाली. "मेथी झाली का निवडून?"