मयालीतली कडी

१७ मे, रात्री

आज दुपारी दोन वाजता मुद्दाम आमच्या जुन्या समाज भवनात जाऊन बसली. बाहेर ४५ डिग्री आणि आत त्याहून जास्त वाटत होतं, वर स्लॅब तापलेला, खिडक्या छोट्या आणि त्याही बंद, पंखा नुसती गरम हवा फेकत होता. दहा मिनिटांत बाहेर आली तर समोर कडुनिंबाखाली निम्मं गाव बसलेलं, बाया तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होत्या, पोट्टे खाली पालथे पडून मोबाईल बघत होते, दोन म्हातारे झोपले होते. भवनाला वर्षभर कुलूप असतं, आत लग्नाची भांडी आणि सतरंज्या. मला याचं खरंच वाईट वाटतं, पैसा तर लागला पण गावाला बसायची जागा काही मिळाली नाही.

ग्रामसभेने नवीन सभामंडप लाकडाचा करायचा म्हटलं आणि ड्रॉइंग माझ्याकडे दिलं, तेव्हापासून डोक्यात एकच आहे, लोक आधीच जिथे बसतात तिथेच बांधायचं. कडुनिंब तोडायचा नाही, मंडप त्याच्या बाजूला असा वळवायचा की सावली आणि वारा दोन्ही आत येतील. तीन बाजू मोकळ्या, समोर धानाचे बांध आणि त्यामागे नवेगावचं जंगल दिसलं पाहिजे. ग्रामसभेत जंगलावर बोलताना जंगल नजरेसमोर असणं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलणं यात फरक पडतो, मला तरी हे पक्कं वाटतं.

मागच्या महिन्यात परत सेवाग्रामला जाऊन आली. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा त्यांनी अट घातली होती की घराला ५०० रुपयांच्या वर खर्च नको आणि सामान आसपासचंच हवं. माती, बांबू, लाकडी खांब, वर कवेलू, बस. बापू कुटीत मीराबेननी भिंतीवर मातीत काढलेली ताडाची झाडं आणि मोर अजून आहेत, आणि भर उन्हात आत गेलं की अंग निवतं. कोणी म्हणेल जुनं झालं ते, पण स्वीडनमध्ये शेलेफ्टेओ नावाच्या गावी २०२१ मध्ये २० मजली सांस्कृतिक केंद्र लाकडात उभं राहिलं, नाट्यगृह, लायब्ररी सगळं त्यात. त्यांच्याकडे जंगल आहे म्हणून त्यांनी लाकूड घेतलं, मग आपल्याकडे काय कमी आहे? लाकूड काँक्रीटच्या मानाने उष्णता फारच कमी आत सोडतं, आणि वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, तो लाकूड टिकेल तोवर तिथेच अडकून राहतो.

संध्याकाळी सुतारकाका आले. मी काढलेले खांब बघून आधी बोलले नाहीत, मग एक जुना सागाचा तुकडा हातात घेतला, वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराने, कडेचं पांढरं लाकूड थोडं उडवलं तर भुगा पडला, आणि आत तांबूस गाभा, त्यावर वाकस नुसता घसरला. "हा पांढरा ठेवू नका जी बाई, वाळवी इथूनच सुरू होते. आन खांबाखाली दगड द्या, मातीले टेकला का खाल्लाच समजा." म्हणून आता सगळे खांब दगडी उथळ्यावर, जमिनीपासून दीड फूट वर. आपल्याकडे पाऊस १,३०० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे छपराचा बाहेर येणारा भाग चार फूट केला, आधी अडीच होता.

आगीचा प्रश्न सभेत येणारच. जाड लाकूड वरून कोळसा होत होत हळू जळतं, साधारण मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर, तो कोळसाच आतलं लाकूड वाचवतो, आठ इंची खांब लगेच कोसळत नाही. बांबूचं मात्र तसं नाही, तो पातळ आणि पोकळ, म्हणून चूल आणि वायरिंग बांबूच्या चटईपासून लांबच ठेवली.

आता खरी गोष्ट. नवीन साग घ्यायचा तर डेपोचे भाव गावाला झेपणार नाहीत. पण घरकुल मंजूर झालं की लोक जुनं घर उतरवतात आणि शंभर वर्षं घरात वाळलेल्या सागाच्या मयाली, म्हणजे आडव्या तुळया, व्यापारी येऊन मातीमोल भावात घेऊन जातो, हे दरवर्षी बघते मी आणि जीव तुटतो. म्हणून म्हटलं प्रत्येक घराने एक तरी लाकूड द्यावं, खांब, मयाल, दाराची चौकट, काहीही. लांबी सारखी नसणार, मग मंडपाचे गाळेच, म्हणजे खांबांमधली जागा, लहान-मोठे करायचे, ड्रॉइंग लाकडाप्रमाणे बदलायचं. खिळ्यांऐवजी कुसू आणि खाच, एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं, म्हणजे एखादा तुकडा कधी खराब झाला तर गावातलाच माणूस तो काढून दुसरा बसवेल.

आतापर्यंत अकरा घरं तयार झाली. शेवटी गेली ती टोकाच्या घरातल्या आजीकडे. त्यांची मयाल बारा फुटी, अगदी सरळ, मधोमध लोखंडी कडी. पाळण्याची कडी, त्यांची पाचही लेकरं त्या कडीला झोपली. त्या लाकूड द्यायला लगेच हो म्हणाल्या, थोडा वेळ वर बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "कडी नको काढू बापा."

ग्रामसभेच्या दिवशी बाया लहान लेकरं घेऊन येतात आणि मागे उभ्या राहतात. ती मयाल कडुनिंबाकडच्या गाळ्यात घेतली आहे, जिथे वारा असतो. कडी वजन पेलेल का ते उद्या सकाळी सुतारकाकांना दाखवायचं आहे.